गैरहजेरीचं कपाट

४ मार्च
ही वही शाळेच्या कार्यालयातली. न वापरलेली, कडेनं पिवळी पडलेली, शिल्लक साठ्यात कुठेही न दाखवलेली. बायको म्हणाली, "रोज संध्याकाळी जे मला ऐकवता ते वहीला ऐकवा. तिला कान नाहीत." वहीचा हा गुण मला पटला.

तर वहीला कळवण्यात येते की, मी शाळेचा कारकून. नोकरीचं एकतिसावं वर्ष, निवृत्तीला चौदा महिने, आजवर घेतलेली रजा शून्य. आज मंडळाची सभा झाली. मंडळ म्हणजे आमची शाळा चालवणारे सात लोक. त्यांतल्या सहांची नातवंडं पुलापलीकडच्या नव्या शाळेत शिकतात, त्यामुळे आमच्या शाळेबद्दल ते अगदी निःपक्षपातीपणे बोलू शकतात. ठराव असा झाला की, तीस एप्रिलला दुपारी चारपर्यंत पहिलीत वीस मुलं आली नाहीत, तर यंदा पहिली उघडायची नाही. मग पुढच्या वर्षी दुसरी नाही, त्याच्या पुढच्या वर्षी तिसरी नाही. आज पहिलीत तीन मुलं आहेत, त्यांतली दोन जुळी.

मोठ्या बाईंनी (मुख्याध्यापिका, माझ्याहून सहा वर्षांनी लहान, तरी मोठ्या) जाहिरातीचं विचारलं. अध्यक्ष म्हणाले, फुकटात जे होईल ते करा. आणि बाईंनी नुकतंच एक फुकट ऑनलाइन शिबिर केलं होतं: विनामूल्य आशयाच्या साह्याने समाजाला शाळेशी कसं जोडावं. बाईंनी जबाबदार माणसासाठी खोलीभर नजर फिरवली. सगळे शिक्षक छताकडे बघू लागले. मी इतिवृत्त लिहीत होतो, त्यामुळे छताकडे बघायचं राहून गेलं.

७ मार्च
शाळेचं पेज उघडलं. शिबिराच्या टिपणात लिहिलं आहे की, इंटरनेटवर हवी तेवढी चित्रं, सुविचार आणि व्हिडिओ फुकट मिळतात, ते घ्यावेत आणि समाजाला द्यावेत. म्हणजे समाजाला जे आधीच फुकट मिळतं आहे तेच आपण पुन्हा द्यायचं. मी उगवता सूर्य घेतला आणि त्यावर 'वेळ कुणासाठी थांबत नाही' असं टाकलं.

तीन लाइक आले. एक मोठ्या बाईंचा, एक माझा स्वतःचा (चुकून), आणि एक 'शेवटचा बाक' असं टोपणनाव घेतलेल्या कुणा उपटसुंभाचा. त्यानं खाली लिहिलं आहे, "थांबत नाही म्हणूनच कधीतरी घरी वेळेवर जावं." माझं काय ते मी बघून घेईन.

१२ मार्च
फुकट चित्रांमधून एक हसरी मुलगी निवडली. पुढचे दोन दात पडलेले, हातात पाटी. 'आमच्या शाळेत हसत शिका' असं लिहून टाकली. सकाळी एक आई येऊन विचारून गेली की, ही मुलगी कुठल्या वर्गात आहे, आमच्या मुलीला तिच्याच शेजारी बसवा. दुपारी मावशी, म्हणजे आमच्या शाळेच्या शिपाईबाई, बाजारातून आल्या त्या दात काढतच. तीच मुलगी दातांच्या दवाखान्याच्या पाटीवर आहे. संध्याकाळी मोठ्या बाईंनी दाखवलं, पुलापलीकडच्या शाळेच्या पेजवरही तीच आहे. एकाच वेळी दोन शाळांत नाव आणि शिवाय दातांवर उपचार. एवढी कामसू मुलगी आमच्या पटावर खरोखर असती तर मंडळाची पाचावर धारण बसली असती.

चित्र काढून टाकलं. 'शेवटचा बाक'नं विचारलं, "शाळेत खरी मुलं संपली का?" माझा संशय पुलापलीकडच्या कारकुनावर आहे.

१३ मार्च
विशेष नाही. प्रवेश चार.

१८ मार्च
नवीन आदेश. माझ्या टेबलामागचं लोखंडी कपाट रिकामं करायचं, तिथे मोठ्या बाई 'स्टुडिओ' करणार.

त्या कपाटात काय आहे ते मोठ्या बाईंना माहीत नाही. मलाच माहीत आहे, आणि मलाही नीट नाही. मूल गैरहजर राहिलं की पालकांनी कारणाची चिठ्ठी द्यायची, हा आमच्या शाळेचा जुना नियम. वर्गशिक्षक महिनाअखेर चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्याकडे देतात. मी प्रत्येक चिठ्ठीवर आवक शिक्का मारतो, क्रमांक टाकतो, सही करतो, सुतळी बांधतो, कपाटात ठेवतो. वाचत नाही. वाचणं माझ्या कामात येत नाही. तीन वर्षांनी चिठ्ठ्या मंडळाच्या ठरावानं नष्ट करायच्या असतात. तो ठराव मी दर वर्षी 'आयत्या वेळेचे विषय' यात घालतो आणि दर वर्षी तो विषय यायच्या आत चहा येतो. चहानंतर आमच्या मंडळानं आजवर एकही निर्णय घेतलेला नाही. त्यामुळे कपाटात एकतीस वर्षं आहेत.

२० मार्च
आज घोळ झाला.

मोठ्या बाई बाहेरगावी होत्या. कपाटातले कागद शासकीय स्वरूपाचे आहेत हे त्यांना दाखवावं म्हणून एक चिठ्ठी डाव्या हातात धरून फोटो काढला आणि खाली रीतसर मजकूर लिहिला: "सोबतच्या नमुन्याप्रमाणे कागदपत्रे कपाटात आहेत. नष्ट करावीत किंवा कसे, याबाबत आपला अभिप्राय कळवावा." तो बाईंना जायच्या ऐवजी पेजवर गेला. नाव आणि सही होती त्या जागी नेमका माझा अंगठा आला होता, एवढंच नशीब. चिठ्ठीत लिहिलं होतं:

"मुलाला काल पाठवता आलं नाही. नव्या जोडातले दोन्ही बूट डाव्या पायाचे निघाले. दुकानदार उद्या बदलून देणार आहे."

पाच वाजेपर्यंत दोनशे बारा लोकांनी अभिप्राय कळवला. नष्ट करू नका, असं बहुतेकांचं म्हणणं. एकानं लिहिलं, "तो मी. दुकानदार दुसऱ्या दिवशीही आला नाही. मी आठवडाभर एका बुटात शाळेत आलो आणि कुणी विचारलंही नाही." 'शेवटचा बाक'नं लिहिलं, "नखं कापा."

घरी आलो तर बायकोच्या हातात नेलकटर. म्हणाली, जरा अंगठा दाखवा. दोन माणसांना एकाच दिवशी एकच गोष्ट सुचते, याला काय म्हणावं.

२४ मार्च
मोठ्या बाई रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, रोज एक. मी म्हटलं, हे लोकांचे खासगी कागद आहेत. बाई म्हणाल्या, नाव कुठे दिसतंय, तुमचा अंगठा आहे की. आता माझा अंगठा शाळेच्या सेवेत रुजू झाला आहे. नाव झाकायची दुसरी युक्ती मला येत नाही आणि कुणी शिकवू नये अशी इच्छा आहे. आजची चिठ्ठी:

"पोटात दुखत होतं. आता दुखत नाही. सोमवारी गणिताची चाचणी असल्यास पुन्हा दुखेल असा अंदाज आहे."

चारशे लाइक. माझ्या सुविचारांना तीन आणि कुणाच्या तरी पोटदुखीला चारशे. समाज कुठे चालला आहे ते यावरून कळतं.

तरी एक लिहून ठेवतो. घरी येताना मी आणखी दोन गठ्ठे बसमध्ये वाचून काढले आणि माझा थांबा गेला.

२ एप्रिल
प्रवेश नऊ. एका बुटात शाळेत येणारा तो मुलगा आला होता, आता गाडी चालवतो, स्वतःच्या मुलाला घेऊन आला. मुलाच्या पायात बूट नीट होते, मी पाहिले. आज टाकलेली:

"मुलगी तीन दिवस गैरहजर होती. आमच्याकडे नवीन बाळ आलं आहे आणि ती त्याला सोडून उठायला तयार नाही. मी समजावलं. मग मीही उठलो नाही. कृपया रजा मान्य करावी."

'शेवटचा बाक' पहिल्यांदाच काही टोचून बोलला नाही. नुसतं लिहिलं, "असे असतात वडील." जेवताना बायकोला ही चिठ्ठी सांगू लागलो, तर ती वाढता वाढता म्हणाली, "आणि मग मीही उठलो नाही, हे किती छान लिहिलंय ना." मी अजून तिथपर्यंत आलोच नव्हतो. बहुधा मावशींनी सांगितलं असेल.

३ एप्रिल
शाळा उघडायच्या आधी एक बाई खिडकीशी उभी. सोबत सहा-एक वर्षांची मुलगी, खिडकीच्या कट्ट्यावर हनुवटी टेकवून माझ्या शिक्क्यांकडे बघत होती. बाई म्हणाली, कालची चिठ्ठी माझ्या वडिलांची आहे. मी म्हटलं, सही तर झाकलेली होती. ती म्हणाली, अक्षर नव्हतं झाकलेलं. वडील जाऊन अकरा वर्षं झाली. घरात त्यांच्या हातचं काही उरलं नाही, सामान हलवताना सगळं गेलं. ती चिठ्ठी मिळेल का?

मी सांगितलं की, मूळ कागद कार्यालयाबाहेर जात नाही, फोटो काढून देतो.

"फोटो आहे माझ्याकडे," ती म्हणाली. "ते पेन दाबून लिहायचे. कागदाच्या मागून हात फिरवला की अक्षरं लागायची. मला तेवढंच हवंय."

मी म्हटलं, नियमात नाही. ती बरं म्हणाली. तिनं वादही घातला नाही. जाताना मी कर्तव्य म्हणून मुलीच्या प्रवेशाचं विचारलं. ती म्हणाली, पुलापलीकडच्या शाळेचा अर्ज भरून ठेवलाय.

नियम होता तो मी सांगितला. यात माझं काय चुकलं ते मला दाखवून द्यावं.

४ एप्रिल
चिठ्ठी काढून मागून हात फिरवून पाहिला. लागतात अक्षरं.

७ एप्रिल
अध्यक्षांचा फोन. पुलापलीकडे सगळे हसत आहेत म्हणे. शिवाय कुणीतरी त्यांना विचारलं की, पालकांचे कागद जगाला दाखवायची परवानगी कुणी दिली. या दुसऱ्या मुद्द्यावर अध्यक्षांचं बरोबर आहे, हे लिहिताना पेन अडखळतं आहे, पण बरोबर आहे. अंगठा मोठा असला तरी तो काही परवानगी नव्हे. हे मला पहिल्याच दिवशी कळत होतं, पण लाइक मोजण्यात मीही रमलो होतो.

मोठ्या बाईंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, कागद आपले नाहीतच, तर परत करून टाका. मी म्हटलं, ठराव? बाई म्हणाल्या, नष्ट करायला ठराव लागतो, परत करायला लागतो असं कुठे लिहिलंय? मी एकतीस वर्षांची नियमावली चाळली. कुठेही लिहिलेलं नाही.

८ एप्रिल
पेजवर शेवटची सूचना टाकली: "आपल्या किंवा आपल्या मुलांच्या गैरहजेरीच्या चिठ्ठ्या कार्यालयात जमा आहेत. पोच देऊन घेऊन जाव्यात. मुदत ३० एप्रिल. त्यानंतर राहिलेल्या नष्ट करण्यात येतील. यापुढे एकही चिठ्ठी प्रसिद्ध होणार नाही." पहिली पोच कोरी ठेवून वडिलांची चिठ्ठी मागणाऱ्या त्या बाईला निरोप धाडला. ती दुपारी आली, सही केली, कागद उलटा केला आणि तिथेच, खिडकीशी, मागून हात फिरवत उभी राहिली. मागे रांग होती. मी कुणालाही पुढे सरकायला सांगितलं नाही.

'शेवटचा बाक': "हे बरं केलंत. आणि डबा आजही टेबलावर विसरला होतात." हा माणूस माझ्या घरावर पाळत ठेवून आहे. बायकोला म्हटलं, पोलिसांत द्यावं का? ती हसत सुटली, तिला खोकला लागला, पाणी आणून द्यावं लागलं. एवढं हसण्यासारखं काय आहे?

१६ एप्रिल
शाळेत पाय ठेवायला जागा नाही. सुतळ्या सोडून सोडून माझी बोटं सोलली. लोक येतात, चिठ्ठी वाचतात, हसतात, काही रडतात, मग वर्ग बघायला जातात, मग म्हणतात खिडक्या तशाच आहेत की. मोठ्या बाईंनी चिठ्ठ्यांच्या ट्रेशेजारी प्रवेशाचे अर्ज ठेवून दिले आहेत, जणू चुकून राहिले. शिबिरात हे शिकवलं नसणार. प्रवेश पंधरा.

एक आजोबा स्वतःचीच चिठ्ठी न्यायला आले, मुलाच्या वेळी लिहिलेली. वाचून म्हणाले, "खोटं कारण आहे. खरं तर आम्ही नदीवर गेलो होतो." मी म्हटलं, आता दुरुस्ती करता येणार नाही.

२५ एप्रिल
प्रवेश अठरा. दोन दिवस एकही नाही. बाई दर तासाला येऊन पट बघून जातात, जसा काही तो मी एकटाच पाहिला की कमी होतो.

२९ एप्रिल
प्रवेश एकोणीस. उद्या चारपर्यंत एक हवा.

हे आज लिहू की नको, असं वाटत होतं. लिहितो.

उरलेले गठ्ठे बांधत होतो. त्यात एकोणीस वर्षांपूर्वीचा, तिसरीचा गठ्ठा. वरचीच चिठ्ठी बायकोच्या अक्षरात.

"काल मुलगी शाळेत आली नाही. ती आजारी नाही. तिला एक दिवस घरी माझ्याजवळ नुसतं बसायचं होतं आणि मलाही. हे कारण तिच्या वडिलांना चालणार नाही. ते तुमच्याच कार्यालयात बसतात, म्हणून एवढं आपल्यातच राहावं ही विनंती."

खाली वर्गशिक्षिकेचा शेरा: "मान्य. हजर मांडले आहे." आणि त्याच्याखाली आवक शिक्का, क्रमांक आणि माझी सही. ठसठशीत. एकोणीस वर्षांपूर्वी मी ही चिठ्ठी हातात धरली, शिक्का मारला आणि सुतळी बांधली. लेक घरी राहिली त्या दिवशी तपासणी होती, मी सातलाच घरून निघालो होतो, एवढं आता आठवतं.

आमच्या दिवाणखान्यात लेकीचं पूर्ण हजेरीचं प्रमाणपत्र टांगलेलं आहे. दहा वर्षं, एकही खाडा नाही. येईल त्याला मी ते दाखवत आलो. दर वेळी मायलेकी एकमेकींकडे बघायच्या आणि मला वाटायचं, अभिमानानं. लेक आता दूर नोकरी करते. रविवारी फोन करते, आईशी चाळीस मिनिटं बोलते आणि माझ्याशी चार. त्या चार मिनिटांत मी तिला विचारतो, कामावर वेळेवर जातेस ना?

मला राग आला नाही. खूप वाईट वाटलं. त्या दोघींनी एक दिवस माझ्यापासून लपवून ठेवला होता, आणि दिवस तरी काय, नुसतं बसण्याचा. चिठ्ठीची पोच कुणाच्या नावे करू ते कळेना. खिशात ठेवली. बायकोला काही बोललो नाही.

३० एप्रिल
तीनला अध्यक्ष येऊन बसले. घड्याळ टेबलावर काढून ठेवलं, जणू आमच्या भिंतीवरच्या घड्याळावर त्यांचा विश्वास नाही. मोठ्या बाई समोर बसून एकच अर्ज सरळ करत होत्या. चार वाजायला दहा मिनिटं कमी असताना मावशी धापा टाकत आल्या आणि माझ्या हातात घडी घातलेला कागद दिला. कोपऱ्यावरच्या घरातून एका बाईनं पाठवला म्हणाल्या. आत पुलापलीकडच्या शाळेचा भरलेला अर्ज होता, वरचं शाळेचं नाव खोडून आमचं लिहिलेलं. सोबत चिठ्ठी.

चिठ्ठी मी वाचली. पहिल्यांदा मनात, मग अध्यक्ष काय आहे म्हणाले तेव्हा मोठ्यानं.

"आज मुलीला घेऊन प्रवेशासाठी येणार होते. तिच्या अंगावर पुरळ उठलं आहे, डॉक्टरांनी घराबाहेर काढू नका म्हटलं आहे, आणि ती मला सोडायला तयार नाही. मी समजावलं. मग मीही उठले नाही. कृपया तिला हजर समजावं."

कट्ट्यावर हनुवटी टेकवणारी ती मुलगी.

अध्यक्ष म्हणाले, "प्रवेशाला पालक आणि मूल समक्ष हजर पाहिजेत. तुमचाच नियम आहे ना हा?"

नियम माझाच आहे. बारा वर्षांपूर्वी मी मसुदा केला, मीच टाइप केला. मोठ्या बाई छताकडे बघू लागल्या. माझा हात शिक्क्याकडे गेला. शाई सुकत आली होती, म्हणून दोनदा दाबला. आवक. क्रमांक. वेळ, तीन वाजून त्रेपन्न. सही. मग पहिलीचा पट ओढला आणि विसाव्या ओळीत नाव लिहिलं.

"आवक झालं, साहेब," मी म्हटलं. "कारण वाचलं आहे. हजर मांडलं आहे."

अध्यक्ष पटाकडे बघत राहिले. मावशी तेवढ्यात चहा घेऊन आल्या, आणि चहानंतर आमचं मंडळ निर्णय घेत नाही.

मोठ्या बाई नंतर पहिलीच्या वर्गात जाऊन एकट्याच बसल्या होत्या, सगळ्यात छोट्या बाकावर, गुडघे हनुवटीला लागलेले. मी दार लोटून घेतलं.

२ मे
सकाळी आंघोळ झाली, डबा भरलेला होता, बूट घातले आणि पुन्हा काढले. नंतर कागद घेतला आणि मोठ्या बाईंच्या नावे लिहिलं:

"आज कामावर येता येणार नाही. मी आजारी नाही. घरी बायकोजवळ नुसतं बसायचं आहे. एकतीस वर्षांत पहिलीच रजा आहे, तरी मान्य करावी."

फोटो काढून बाईंना पाठवायला गेलो, आणि या वयात बोटं जिथे जातात तिथे जातात, तो पेजवर गेला. नाव अंगठ्याखाली होतं, पण तो अंगठा आता गावभर ओळखीचा आहे. कपाळाला हात लावून बसलो. आत स्वयंपाकघरात बायकोचा फोन टिंग वाजला. तिचे ते पाककृतींचे ग्रुप, दिवसभर चालू असतात.

एक मिनिट झालं नसेल, खाली 'शेवटचा बाक' हजर. या वेळी एकच शब्द.

"मान्य."

याला कुणी विचारलं होतं? बायको दोन कप घेऊन बाहेर आली, शेजारी बसली, डोळे पुसत होती. विचारलं तर म्हणाली, फोडणीचा धूर गेला. चूल तर बंद होती. पण आज रजेवर आहे, चौकशी करत बसलो नाही.